धोंडा

मला चित्र काढता येत नाही.
फळ्यावर बटाटा काढला, तर मागच्या बाकावरून यास्मानी म्हणाला,
"बाई, हा धोंडा आहे."
वर्ग हसला. मीही हसले,
आणि पुसला नाही तो धोंडा. कारण
कुणीतरी एकदाचं फळ्याला नाही म्हणालं होतं.

ओरुरोच्या या उंच पठारावर जूनमध्ये
बादलीतलं पाणी रात्रीत दगड होतं.
तेव्हा बटाटे अंथरतात उघड्यावर, गवतावर,
दिवसा उन्हात सैलावले की अनवाणी तुडवतात,
मग वाळवतात. त्याचा होतो चुन्यो,
काळा, सुरकुतलेला,
खिशात खडखड वाजणारा.
हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
म्हणूनच कुणी कधी विचारलं नव्हतं.

चार चौकटी आखल्या.
पहिलीत धोंडा. दुसरीत धोंडा आणि चंद्र.
तिसरीत पाय
(बोटं सहा झाली, त्यांनी लगेच मोजली).
चौथीत एवढुसा चुन्यो,
आणि भोवती तीन पोरं, तोंडातून फुगे:
"गारठ्यानं पाणी खाल्लं."
"पायांनी पिळून काढलं."
"उन्हानं पिऊन टाकलं."
चौथा फुगा रिकामा.

"माझी आई म्हणते गारठ्यानंच," रेमेदिओस म्हणाली.
"तुझी आई यातल्या कुठल्या फुग्यात आहे?"
एउलोखियानं विचारलं. भांडायला नव्हे,
तिला खरोखरच आई सापडत नव्हती.

मी गप्प.
पंधरा वर्षं ज्या तोंडानं उत्तरं वाटली
ते मिटून ठेवणं सहा बोटांच्या पायापेक्षा अवघड.
त्यातून, खरं सांगायचं तर,
पहिला फुगा माझाच होता.

दोन्या सेवेरिनाच्या दुकानातून तराजू आणला, उसना.
सारख्या वजनाचे दोन बटाटे, एकाला लाल दोरा, एकाला निळा.
रात्रभर दोघेही बाहेर.
पहाटे, ऊन यायच्या आत,
फुंकर मारून बोटं ऊबवत वजन केलं.
लाल: कालच्याइतकाच. निळा: कालच्याइतकाच.
टणक, पांढुरका, आणि एक थेंबही न गमावलेला.

दुपारी बटाटे सैलावले,
लाल यास्मानीनं तुडवला, निळा कुणी शिवलं नाही.
पाणी त्याच्या टाचेखालून चपचपत गेलं,
आणि लाल पारडं वर गेलं.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
त्या पारड्याकडे बघत राहिली सगळी,
जसं कुणी ओळखीच्या माणसाकडे
पहिल्यांदाच नीट बघतं.

एउलोखिया स्टुलावर चढली.
माझा फुगा पुसला नाही तिनं,
त्यावर आडवी रेघ मारली, वाचता येईल इतकी बारीक,
आणि रिकाम्या फुग्यात लिहिलं:
"मग गारठ्यानं केलं काय?"

यास्मानी म्हणाला, निळाही दोन दिवस उन्हात ठेवू.
आणि उन्हानं प्यायलेलं पाणी मग जातं कुठं?
त्यासाठी पाचवी चौकट हवी होती.
फळा संपला होता.
ती त्यांनी भिंतीवरच आखली,
कोळशानं, वाकडी.

मुख्याध्यापक भिंतीबद्दल विचारतील.
विचारू देत.