भोक न पाडता

साहेबांची एकच अट होती:
भोक पाडायचं नाही.
फायबरला ड्रिल लागलं की वॉरंटी गेली.
एवढं बोलून ते भंडाऱ्याला निघून गेले
आणि मी धक्क्यावर, हातात दोराची गुंडाळी,
समोर पिवळी चकचकीत वॉटर स्कूटर,
शिंगं न फुटलेल्या गोऱ्ह्यासारखी.

हिवाळाभर ती नागपूरचे पाहुणे फिरवते.
ते किंचाळतात, फोटो काढतात, जातात.
आजचं काम निराळं होतं.
जलकुंभीचं अख्खं बेट, धानाच्या दोन बांध्यांएवढं,
रात्रीच्या वाऱ्यानं सरकत येऊन
सुगरताबाईच्या जाळ्यांवर बसलं होतं.
डोंग्यानं ढकलून पाहिलं, बांबूनं रेटून पाहिलं.
शेवटी जुन्या जाळ्याचा वेढा घातला त्याला.
आता ओढणारं कोणी हवं होतं.

"का पाहून रायला रे डोमा?"
"हूक लावाले जागा. भोक पाडा लागते, बाई."
"अन् भोक पाडलं का पानी शिरते,
हे त् लेकरालेही मालूम हाय."

ती बसली. गाडीच्या मागच्या अंगावरून हात फिरवला,
गाभण म्हशीवरून फिरवावा तसा.
फवारा सुटतो त्या तोंडाच्या दोन बाजूंना
दोन कड्या लागल्या तिच्या बोटांना,
ट्रॉलीवर बांधून ठेवायच्या.
मी रोज संध्याकाळी त्यांतूनच दोर ओवत होतो.

"बैलाचं नाक टोचतेत, ते वळवाले.
ओढते तो खांद्यानं.
खांद्याले कोनी भोक पाडते का?"

दोन्ही कड्यांतून दोर घेतला, मागं त्याचा सैल फास,
फासात मोडक्या रेंगीचं लोखंडी कडं, सरकतं;
गाडी वळली की तेही वळेल,
एकट्या कडीवर भार येणार नाही.
दोर घासेल तिथं सायकलची ट्यूब.
मी सरगाठ मारायला गेलो तर हातावर चापट बसली.
"हे ओढलं का आवळते. मंग सोडशीन कायनं? दातानं?"
तिनं दुसरी मारली. नाव विचारलं तर म्हणाली,
सासरा मारत होता.

"अन् दोर बुडला त्?" मी म्हणालो.
ही गाडी पोटातून पाणी पिते,
पाण्यासोबत दोरही पिऊन टाकेल,
मग आतला पंखा जाम, आणि साहेब.
ती उठली, आपल्याच जाळ्याचे भेंड सोडले,
हात हात अंतरावर बांधत गेली, पांढरे, तुरुतुरु,
बदकीमागच्या पिल्लांसारखे.

"झटका देऊ नोको. बैल पयले तानते, मंग चालते."

ताणलं.
दोर पाण्यातून उठला, थेंब गळले,
इंजिन घुमत राहिलं, बेट तिथंच.
मग एक पाणकोंबडी फडफडून निघाली
आणि खाली कुठंतरी
ओलं गोणपाट फाडावं तसा आवाज होत गेला,
होत गेला, आणि काठ हलला.
म्हणजे मला वाटलं काठ.
जांभळी फुलं चालत होती,
मधोमध एक बगळा, तिकीट काढून बसल्यासारखा.

अर्ध्यात मी दम घ्यायला थांबलो.
ते थांबलं नाही.
आपल्या वजनानं संथ येत राहिलं
आणि गाडीच्या पाठीला नाक लावून उभं झालं.
मी हसलो. काठावरून शिवी आली.

साहेब चारला परतले.
वाकून वाकून बोटांनी फायबर चाचपलं,
भोक सापडलं नाही म्हणून जरा नाराजच दिसले.
"मग ओढलंस कसं?"
मी सुगरताबाईकडे पाहिलं.
तिनं एका हिसक्यात गाठ सोडली होती,
जाळ्यातली मेलेली मासोळी एकीकडं,
जिवंत एकीकडं टाकत होती,
आणि मांडीवर भेंड मोजत होती.

"अकराच हाय. बारावा कुठी गेला रे डोमा?"

अंधार पडेपर्यंत आम्ही पाण्यावर
एक पांढरा ठिपका शोधत होतो.
बगळ्यानं दोनदा फसवलं.