उरलेलं कापड

वडगावच्या कोपऱ्यावर माझं दुकान.
एक मशीन, एक इस्त्री आणि वर पाटी,
तिच्यावरची कन्नड अक्षरं मराठीपेक्षा मोठी आहेत ना
हे बघायला साहेब आले
तेव्हा टेप माझीच लागली.

नोव्हेंबरात मी लाल-पिवळं शिवतो,
शिवजयंतीला भगवं.
सुई तीच, सोळा नंबरची,
धागा तेवढा बदलावा लागतो.
उरलेलं ट्रंकेत टाकतो, दोन गाठोडी.
बायको म्हणते, एकमेकांना लागू देऊ नका,
रंग जातो.

त्या वर्षी जून लागला आणि गल्लीला फुटबॉल चढला.
आपला देश त्यात नव्हताच,
म्हणून कुणालाही कुठलाही देश घेता येत होता.
अर्ज नाही, दाखला नाही,
तीन पिढ्या इथंच काढल्याचा पुरावा नाही.
ब्राझील कॅम्पातल्या पोरांनी आधीच नेलेलं.

परसू आला. "मामा, हॉलंड."
कुठं आलं रे ते?
"कुठं का असंना. भगवं घालतात की ओ."
मागोमाग मल्लेशी.
"मामा, स्पेन. लाल-पिवळं. तुमच्याकडं असणारच."
होतं. दोन्ही होतं.
धाग्याचे पैसे घेतले फक्त.

हवालदार गाडी लावून आत डोकावला,
"येन्री मास्तर, नोव्हेंबर लांब आहे अजून."
म्हटलं, स्पेन.
"आणि हे?"
हॉलंड.
त्यानं दोन्ही नावं वहीत लिहून घेतली.

पोरं म्हणाली, मामा, तुम्ही कुणाचे?
बावन्न वर्षं मला हेच विचारतायत,
शिरगणतीवाले, मतं मागणारे,
लग्नाला आलेले पुण्याचे पाहुणे.
या वेळी मात्र उत्तर तयार होतं.
घाना.

उद्यमबागेकडच्या कॉलेजातला एक उंच मुलगा
मार्चमध्ये पँटचं कापड टाकून गेला होता.
लांबी चव्वेचाळीस,
एवढा पाय आमच्या गल्लीत कुणाचा नाही.
नाव क्वाबेना.
चार वेळा विचारून पावतीवर देवनागरीत लिहिलं.
तो अक्षरांकडे बघत राहिला,
मग म्हणाला, बरोबर दिसतंय.
इतक्या सहज अक्षर मान्य करणारा माणूस
या रस्त्यावर मी दुसरा पाहिला नाही.

तर घाना.
अगदी शेवटच्या मिनिटाला गोलात जाणारा बॉल
समोरच्यानं अडवला. हातानं. चक्क हातानं.
त्याला बाहेर काढलं, पेनल्टी दिली,
ती आडव्या दांडीला लागून वर गेली,
आणि हातानं अडवणारे पुढं गेले.
नियमात बसतं म्हणे.
मी टीव्ही बंद केला. अडीच वाजले होते.
नियम काय, आम्हाला नवे नाहीत.

फायनलला नेमके हॉलंड आणि स्पेन.
मंडळाच्या शेडमध्ये चादरीचा पडदा,
पत्र्यावर पाऊस, कोपऱ्यावर पोलिसांची व्हॅन.
बरोबर बारा वाजता स्पेन मैदानात उतरलं
निळे शर्ट घालून.
मल्लेशी माझ्याकडे असा वळला
जसं मीच चुकीचं कापड कापलंय.
परसू हसता हसता खुर्चीवरून पडला.
मागं उभा हवालदार
खिशात वही शोधायला लागला.

एकशे सोळाव्या मिनिटाला गोल. निळ्यांचा.
परसू न बोलता घरी गेला.
सकाळी शर्ट घेऊन आला, "मामा, बाही उसवली."
कशी, ते मी विचारलं नाही.
भगवा धागा संपला होता, पांढऱ्यानं मारली.

पँट अजून खुंटीला आहे.
मेच्या सुट्टीत गेला तो पोरगा, फिरकला नाही.
दर दिवाळीला झटकतो, इस्त्री फिरवतो.
आतून दोन बोटं माया सोडलीय,
वाढला असला तर.