पाऊणपट

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते,
हे बाबा देवगडाहून घेऊन आला होता,
कपड्यांच्या घडीत चुकून राहिलेल्या सुपारीसारखं.
अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ.
स्विंडनला समुद्र नाही.
वीस वर्षं तो हिशोब नुसता पडून.

मग व्हॅन आली.
एका प्लंबरची, पांढरी,
दारावरचा नळ खरवडलेला, तरी उन्हात तिरकं पाहिलं की दिसायचा.
कौस्तुभने आत फळ्या ठोकल्या, आईने जुन्या इरकलीचे पडदे शिवले,
टपावर पट्ट्यांनी आवळलेले दोन बोर्ड
एक्सेटरपर्यंत वाऱ्यात घुमत राहायचे
आणि आई म्हणायची, कुणीतरी त्यांना गप्प करा.

ऑक्टोबरअखेर, शाळेची सुट्टी, घड्याळं नुकतीच मागे केलेली.
विडमथचा किनारा. पाटीवर लिहितात एक, बोलतात दुसरंच,
बाबा त्याला रुंदतोंड्या म्हणायचा.
त्या दिवशी चतुर्थी.
चार पाऊणे तीन, बाबाने बोटांवर म्हटलं,
तीनला भरती. जेवून घ्या.
तीनला आम्ही बोर्ड काखेत मारून निघालो
तर समुद्र नव्हताच.
ओली वाळू, काळ्या खडकांच्या धारा,
एक कुत्रा, आणि फार लांब
कुणीतरी दुमडून ठेवल्यासारखं पाणी.

ते आलं रात्री साडेआठला, कारपार्कच्या पायरीपर्यंत,
देवगडात इतकं चढत नाही कधी.
बाबा अंधारात टॉर्च मनगटावर धरून उभा.
साडेपाच तास, तो म्हणाला.
तिकडच्या आणि इकडच्या घड्याळात आहेत तेवढेच.
आई आतून म्हणाली,
तुम्ही घड्याळ मिळवलंत, समुद्र मिळवायचा राहिला.

त्यानंतर त्याने नियम दुरुस्त केला.
पाऊणपट अधिक साडेपाच, उन्हाळ्यात आणखी एक.
भरतीचं छापील पुस्तक दुकानात मिळायचं, दोन पौंडांना.
तो ते विकत घ्यायचा
आणि आपलं उत्तर निघाल्यावरच उघडायचा.

तूरडाळीत वाळू. उशीत वाळू. आईच्या चष्म्याच्या बिजागरीत वाळू.
आरशाला टांगलेले वेटसूट रात्रभर ठिबकायचे.
एकदा पहाटे कुणीतरी काच ठोठावली,
महिलांच्या संडासाची टाकी वाहतेय, तुम्ही प्लंबर ना?
बाबा हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा.
तरी गेला, पाना घेऊन,
आणि तासाभराने परत आला, सहा अंडी घेऊन.

पण पाण्यात तो गुडघ्याच्या पुढे कधी आला नाही.
टॉवेल खांद्यावर टाकून काठाकाठाने चालायचा,
मी जितकी वाहत जाईन तितकाच,
आणि ओरडायचा, पाण्याक पाठ दाखव नको गो!
त्याच्या घरी हे वाक्य
कुणाच्या तरी न परतण्यानंतर आलं असणार.
मी विचारलं नाही.

आणि टेगन, शिकवणारी, नाकाला जस्ताचं मलम फासलेली,
तिचं नेमकं उलटं.
वळ. पाठ कर. मागे बघू नकोस.
लाट येईल ती तुला पायांत कळेल.

दोघांचंही ऐकायचं म्हणून
पहिले दोन उन्हाळे मी आडवीच राहिले,
एक कान किनाऱ्याकडे, एक समुद्राकडे,
आणि भरपूर पाणी प्यायले.

यंदा बाबाचा गुडघा बदललाय.
व्हॅनचं दार उघडं टाकून तो घडीच्या खुर्चीत बसतो,
आज दशमी, साडेसात अधिक साडेसहा,
दोनला भरती, असं सकाळीच सांगून झालंय.
चुकेल वीसेक मिनिटांनी. चुकू दे.

मी बाहेरच्या रांगेपलीकडे जाते, थांबते.
पाणी मागून फुगायला लागतं.
मी वळते.

समुद्राला पाठ दाखवली की समोर काय येतं
हे देवगडात कुणी सांगितलं नसेल त्याला.
इरकलीचे पडदे. वाफाळणारं पातेलं.
उन्हात तिरका दिसणारा नळ,
आणि खुर्चीतून अर्धवट उठलेला एक माणूस,
ओरडतोय काहीतरी,
जे इथवर पोचत नाही.