शेवटचा आकडा

ट्रेवेलिनमध्ये वारा सुटला की वीज जाते.
परत आली की दवाखान्यातली यंत्रं
डोळे चोळत उठतात,
जे आधी उठेल त्याला आधीचा आकडा.
मंगळवारी आमचा प्रिंटर उशिरा उठला;
त्याची जागा प्रसूतिकक्षातल्या प्रिंटरनं घेतली होती.
इन्सुलिनची चिठ्ठी निघाली
तासाभराच्या मुलीच्या उशाशी:
फेर्मिन ओयार्सो, वय एक्क्याऐंशी, जेवणाआधी.

एलुनेद एस्केलहून आली, बुटांना चिखल.
कुणावर रागावली नाही.
एकेक यंत्र उलटं करून
पोटावरची बारा अक्षरं वाचत गेली,
मी लिहून घेत गेले.
"ही जन्मखूण. खोली बदलेल, नाव बदलेल, ही नाही."
मग प्रत्येकीपुढे शेवटचा आकडा,
रुमाल टाकून जागा धरावी तसा:
औषधांचा प्रिंटर अकरा, प्रसूतीचा चौदा,
रक्त तपासणारं यंत्र बारा.
तेरा रिकामा सोडला. का, ते मी विचारलं नाही.
शंभराच्या पुढे आलेगेले,
डॉक्टरांचे फोन, नातेवाइकांचे, कुणाचं काहीही.

आणि तिनं मुद्दाम मेन स्विच पाडला.

अंधारात आम्ही दोघी, मधे थर्मास.
दिवे आले. सगळ्यांच्या मागून,
कुरकुरत, कागद चावत, प्रिंटर उठला
आणि आपल्या पाटावर जाऊन बसला.

चिठ्ठी खिडकीतून दिली.
फेर्मिन मघापासून उभेच होते, टोपी हातात.
चिठ्ठीवरचं स्वतःचं नाव नीट वाचलं,
मग विचारलं,
"त्या मुलीचं ठेवलं का काही?"