साभार परत

टोलेडोत, काचेच्या कारखान्यात, बाबा रात्रपाळीला.
मंगळवारी दुपारी मात्र स्वयंपाकघरातलं टेबल त्यांचं.
मेणकापड पुसायचं, शाईची बाटली बशीत ठेवायची
आणि विनोद काढायचे. पावांसारखे, डझनाने.

साहेब नेहमी जाडा. टक्कल, चिरूट,
मागे भिंतीवर घसरत चाललेला आलेख.
बाबांचा फोरमन ऑडगार्ड काडीपैलवान होता,
बायकोच्या आजारपणात भट्टीमागे जाऊन रडायचा.
त्याचं चित्र कुणी विकत घेतलं नसतं.

बायको नेहमी दारात, हातात लाटणं.
आईकडे लाटणं नव्हतंच.
पिएरोगीची पारी ती रिकाम्या बाटलीने लाटायची,
आणि भांडी आवरली की चष्मा लावून
चित्रातल्या त्या बाईच्या झग्यावर ठिपके भरायची,
एकेक, न कंटाळता.
"हिला जरा बारीक कर, लुडविक," एवढंच म्हणायची.

बुधवारी पाकीट न्यूयॉर्कला. आत परतीचं पाकीट,
त्यावर आपल्याच अक्षरात आपलाच पत्ता,
तिकीटही आपलंच.
नकारसुद्धा पदरमोड करून.
दहा दिवसांनी ते दाराच्या फटीतून पडायचं.
नुसत्या आवाजावरून आई सांगायची, "बाराच्या बारा."

एकदा आवाज हलका आला.
अकरा.

बारावा छापून आला, पान सत्तेचाळीस, खाली कोपऱ्यात:
एवढंसं बेट, एक नारळाचं झाड,
झाडाला ठोकलेलं हजेरीचं घड्याळ,
आणि दाढी वाढलेला माणूस धावत येऊन
कार्ड घालतोय. चार मिनिटं उशीर.

पंधरा डॉलर. आईला बूट आले.

कारखान्यात कुणीतरी ते पान कापून
खऱ्या घड्याळाच्या वर चिकटवलं.
सही म्हणजे नुसता एक झेड, मुंगीएवढा.
अकरा वर्षं बाबांनी त्याखाली कार्ड घातलं.
मागचा हसला की तेही हसायचे,
पहिल्यांदाच पाहिल्यासारखे.
"सांगितलं का नाहीत?"
"मग ते चित्राकडे नसते बघत. माझ्याकडे बघितलं असतं."

कारखाना बंद झाला तेव्हा मी गेले होते.
घड्याळ काढून नेलेलं. भिंतीवर चिकटपट्टीचे
चार पिवळे कोपरे,
मधे तेवढाच चौकोन जरा उजळ.

खोकी माझ्याकडे आहेत. हजारो साहेब, सगळे जाडे.
परवा एक कागद हाती लागला.
मागे पेन्सिलीने आईचं अक्षर:
ठिपके दोनशे चौदा. हा नाही घेणार ते.
पुढे तीच बाई, दारात.
हातात, नीट पाहिलं तर, बाटली. बोटांना पीठ.
ओठांत काही धरलेलं, बोलणार असल्यासारखं.
खाली ओळ लिहायची जागा कोरी.

हसू येत नाही.
म्हणूनच परत आला असेल.