पश्चिमेची भिंत

एकतीस वर्षं मी हिरवा शिजवला
अक्कलकोट रोडच्या डाइंगमध्ये, वाफेत.
चादरीच्या मोराचा हिरवा वेगळा, टॉवेलच्या काठाचा वेगळा.
नखावर थेंब घ्यायचा, उजेडात धरायचा
आणि सांगायचं: अजून चिमूटभर.
मीटर नाही, कार्ड नाही. डोळा.

त्या डोळ्यासाठीच हत्तुरेबाईंनी मला बोलावलं.
विडी कामगारांच्या नव्या इमारतीची पश्चिमेची भिंत
दुहेरी काचेची, मध्ये बोटभर पाणी
आणि पाण्यात शेवाळ.
"मल्लेशम, जिवंत आहे हे. ऊन खातं, सावली देतं.
तुम्ही फक्त रंगावर लक्ष ठेवा."

मला हसू आलं.
शेवाळ आम्ही जन्मभर खरवडलं.
चार दिवसांआड पाणी, तेही पहाटे तीनला;
त्याच्या आधी हौद उपसायचा, काथ्यानं घासायचा,
हिरवं दिसलं की बाईमाणसाची अब्रू गेली.

आणि राजव्वा.
हौदाच्या कडेवरून तिचा पाय सरकला
ते गिरणीचा भोंगा बंद झाला त्याच्या पुढचं साल.
खुबा मोडला.
तेव्हापासून मांडीवर सूप घेऊन बसते ती बसतेच,
उठायचं तर भिंत धरून.
आणि आम्हाला घर मिळालं ते नेमकं या भिंतीचं.

सहा महिने तिनं खिडकीचा पडदा सरकवला नाही.
"घसरवणारी वस्तू उंचावर नेऊन कोण ठेवतं?"
एवढंच म्हणाली, आणि दोऱ्याला गाठ मारली.
पोरं मात्र काचेला नाक लावून बुडबुडे मोजायची.
वरच्या मजल्यावरचा वंगारी विचारायचा, याची भाजी होते का.
पंधरा दिवसांनी मी गाळून घ्यायचो,
फडक्यात उरायचा भिजल्या मेंदीसारखा लगदा,
तो कुंभारीचा एक माळी सायकलवरून न्यायचा.
पैसे द्यायचा नाही. कधी वांगी द्यायचा.

मग मे. चव्वेचाळीस.
मीटरनं सांगायच्या आधी मला दिसलं,
वरच्या उजव्या काचेत, कोपऱ्याला,
हिरव्यात हळद.
डाइंगमध्ये असा लॉट निघाला तर पुन्हा बुडवायचा,
गडद करायचा, व्यापाऱ्याला कळत नाही.
हे पुन्हा बुडवायचं कशात?

हत्तुरेबाईंचा फोन लागेना.
नळाला अजून दोन दिवस.
घरातल्या चार चादरी काढल्या,
त्यात एक लेकीच्या लग्नातली, मीच रंगवलेली,
आंघोळीचं साठवलेलं पाणी त्यांना पाजलं
आणि गच्चीवरून काचेवर सोडल्या.
वर माझा पक्का मोर, त्याच्या मागं हा कच्चा जीव.
अर्ध्या तासात वाळायच्या. पुन्हा बादली.
पुन्हा.

चौथ्या खेपेला बादली हलकी लागली.
दुसरी कडी राजव्वाच्या हातात होती.
दोन जिने चढून आलेली, घामानं निथळलेली.
मला वाटलं आता बोलेल काहीतरी मोठं.
खाली वाकून बघितलं तिनं, म्हणाली,
"मोर उलटा टांगलायस."

दोन काचा गेल्याच.
पिवळं पाणी मी स्वतः गटारात सोडलं,
बिघडलेला रंग सोडताना वाटत नसे
असं काहीतरी वाटलं; नाव माहीत नाही.
बाकीच्या टिकल्या.
घर गार झालं असं खोटं नाही सांगत.
भाजत नाही, एवढंच.

आता पडदा दिवसभर सरकवलेला असतो.
संध्याकाळी सुपातल्या पानांवर हिरवट उजेड पडतो
आणि तिच्या बोटांवरही, तंबाखूच्या डागांवर.
आम्ही घरात तेलुगूच बोलतो.
काल हातातली विडी न वळता तिनं काचेकडं बघितलं
आणि पोरं शाळेतून आली की विचारायची तसंच विचारलं,
"तिन्नदा?"
खाल्लं का यानं.

मी बाहेर बघितलं. सूर्य टाकीच्या वर होता, हातभर.
म्हटलं, अजून खातंय.