मागची बाजू

बुधवारी मी बैंगणवाडीच्या शाळेत पेटी घेऊन जाते.
पेटीत प्लॅस्टरचं बुद्धाचं डोकं, नाकाचा शेंडा उडालेलं.
तो रिक्षात उडाला, गांधारात नव्हे,
हे मी दर वेळी कबूल करते.
निळ्या नक्षीची चिनी वाटी, एक जपानी पंखा,
आणि आशियाचा नकाशा,
ज्यात मुंबई नेमकी घडीवर येते
आणि झिजत चालली आहे.

इंगवले बाई पट्टी आपटतात. उपयोग नाही.
भीमराज विचारतो, ह्या बुद्धाला मिशी कशी?
आमच्या घरातल्याला नाही.
मी म्हणते, जिथे घडवला तिथल्या माणसांना होती.
तो मान हलवतो,
पटलेलं नसताना हलवतात तशी.

मग शनिवारी बस, त्रेपन्न मुलं,
संग्रहालयाचा गार जिना,
आणि काचेत एका पारशी घरातला गारा:
जांभळ्या रेशमावर करकोचे, पूल,
पुलावर छत्रीवाली माणसं.
मी माझं पाठ वाक्य म्हणते,
कँटनहून जहाजातून, अफूच्या व्यापारात...
अफू म्हणजे?
इंगवले बाई खोकतात.

तहसीनच्या नाकाची वाफ काचेवर.
दळवी पहारेकरी म्हणतात, हात नको.
ती हात पाठीशी बांधते.
"मागून दाखवता का?"
काय मागून?
"कापड. अब्बा म्हणतात, समोरून सगळेच छान.
गाठ कुठे मारली ते पाठीवर कळतं."

सतरा वर्षं मी ह्या काचेपुढे उभी आहे.
करकोचे मोजलेत. पुलाच्या कमानीसुद्धा.
मागे पुठ्ठा आहे गं, म्हणाले.
मला तेवढंच माहीत होतं.

ती चवड्यांवर बसली, मान तिरकी करून,
जिथे पदराची कड जराशी उलटली आहे.
बराच वेळ.
"दोघं होते. एक डावरा."
खरं की खोटं, देव जाणे;
आमच्या नोंदवहीत ना उजवा, ना डावरा.
भीमराज खाली बसला, मग बाकीचे,
सगळा वर्ग फरशीवर,
शेवटी दळवीही, गुडघा धरून.

पुढच्या बुधवारी तहसीननं दप्तरातून चिंधी काढली,
अब्बांच्या कारचोबावरून उतरवलेली, अर्धीच भरलेली.
बाकावर ठेवली. पालथी.
दोरे सुटलेले, एकमेकांवरून गेलेले,
घाईच्या जागी लांब, निवांत जागी आखूड.

इंगवले बाईंनी चष्मा पुसला.
पेटी मी उघडलीच नाही त्या दिवशी.
नकाशा घडीतच राहिला.